शालेय व्यवसाय शिक्षणासाठी साधनसामग्रीचे नियोजन व खरेदी : हाटकेश (मीरा-भाईंदर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

व्यवसाय शिक्षणाची चर्चा बहुधा धोरण, अभ्यासक्रम आणि रोजगार या तीन मुद्द्यांभोवती फिरते. विद्यार्थ्याच्या हातात प्रत्यक्ष अवजार किती वेळ येते, हा प्रश्न या चर्चेत मागे पडतो. कौशल्य मात्र वाचून किंवा पाहून येत नाही. कानस चालविण्याची, तार सोलण्याची किंवा माप घेण्याची सवय हाताला लागावी लागते. म्हणून शाळेत साधने कोणती असावीत, किती असावीत, ती कोणत्या पद्धतीने घ्यावीत आणि नंतर ती चालू स्थितीत कशी राहावीत, हे प्रश्न केवळ भांडार विभागाचे नसून मुळात शैक्षणिक आहेत. साधनांची यादी उपलब्ध अनुदानावरून न ठरविता विद्यार्थ्याला मिळणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या वेळेवरून ठरवावी, या विचाराचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील काही अनुभवांचा आधार घेऊन हाटकेश परिसरातील शाळेचे उदाहरण विचारात घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

साधनांची निवड हा शिक्षणविचाराचाच भाग असतो, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. या आराखड्यात सूतकताईला जे स्थान मिळाले त्यामागे राष्ट्रीय भावनेइतकाच व्यवहारही होता. टकळी स्वस्त असते, प्रत्येक मुलाला एक देता येते, तिला वीज किंवा स्वतंत्र कर्मशाळा लागत नाही आणि ती मोडली तर गावातच दुरुस्त होते. ‘प्रत्येक हाताला एक साधन’ ही कसोटी तिने सहज पार केली. पुढे अनेक ठिकाणी कताईची क्रिया उरली व तिच्याशी जोडलेले शिक्षण क्षीण झाले, हेही खरे. साधन सर्वांना मिळणे आवश्यक असले तरी तेवढे पुरेसे नाही, हा त्यातील धडा आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. १९९२ च्या कृती कार्यक्रमात या मुदती अनुक्रमे १९९५ व २००० अशा पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि इयत्ता नववीपासून व्यवसाय विषय शिकविण्यास राष्ट्रीय चौकट मिळाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०२५ पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे उद्दिष्ट नमूद करण्यात आले, तसेच इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांच्या दप्तरविरहित उपक्रमाची कल्पना मांडण्यात आली. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार मानले आहेत : जीवसृष्टीशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम आणि मानवी सेवा. व्यवसाय शिक्षण आता निवडक विद्यार्थ्यांपुरते राहिले नाही. त्यामुळे साधनांची गरज एका तुकडीची न राहता संपूर्ण शाळेची झाली आहे.

पाबळचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. उद्योगक्षेत्रातील संशोधनकार्य सोडून ते ग्रामीण शिक्षणाकडे वळले होते. तेथे विकसित झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्य मंडळाच्या मान्यतेने अनेक माध्यमिक शाळांत राबविला गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार विभाग होते. इयत्ता आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस या कामासाठी देत.

साधननियोजनाच्या दृष्टीने या अनुभवातून तीन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, एकाच व्यवसायाची महागडी यंत्रे घेण्याऐवजी अनेक क्षेत्रांतील मूलभूत अवजारे घेण्यावर भर होता. दुसरी, स्थानिक कारागिरांना निदेशक म्हणून सामावून घेतल्याने अवजारांची निगा व दुरुस्ती जाणणारी व्यक्ती शाळेतच उपलब्ध होत असे. तिसरी, विद्यार्थी परिसराला उपयोगी पडणारी कामे करीत, त्यामुळे अवजारे वापरात राहत. विशेष म्हणजे याच पाबळमध्ये २००२ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने संगणक-नियंत्रित निर्मितीची ‘फॅब लॅब’ उभी राहिली. साध्या अवजारांवरील प्रभुत्व आधी आणि अद्ययावत यंत्रे नंतर, हा क्रम तेथे दिसतो.

हाटकेश परिसर व गरजनिश्चिती

हाटकेश हा मीरा रोड पूर्वेकडील भाग. मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. हाटकेशमध्ये उद्योगनगरातील लहान कारखाने आणि बहुमजली निवासी संकुले एकमेकांच्या शेजारी आहेत. भाईंदर पूर्वेतील औद्योगिक वसाहती स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी परिचित आहेत.

अशा परिसरातील शाळेने कोणती साधने घ्यावीत? ‘जे शेजारी चालते तेच शाळेत’ हे सहज सुचणारे उत्तर पुरेसे नाही. पत्रा दाबणारा पॉवर प्रेस किंवा पॉलिशचे यंत्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती देण्याजोगे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २३ नेही पूर्ण सूचना, पुरेसे प्रशिक्षण अथवा अनुभवी व्यक्तीची देखरेख असल्याखेरीज अल्पवयीन व्यक्तीला धोकादायक यंत्रावर काम करण्यास मनाई केली होती. बालक व किशोरवयीन कामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या सुधारणेने चौदा ते अठरा वयोगटातील मुलांना धोकादायक व्यवसायांत कामास ठेवण्यास बंदी घातली आहे. म्हणून कारखान्याची भेट ही निरीक्षणासाठी असावी. शाळेतील साधने मात्र त्या उद्योगांच्या मुळाशी असलेल्या कौशल्यांसाठी असावीत : अचूक मोजमाप, आरेखन, कापणे, घासणे, छिद्र पाडणे, जोडणे, विद्युत जोडणी आणि दोष शोधणे. ही कौशल्ये पत्र्याच्या कामात जितकी लागतात तितकीच निवासी संकुलांतील पंप, दिवे, नळ व पंखे यांच्या दुरुस्तीतही लागतात. परिसरातील रोजगाराची ही दोन्ही क्षेत्रे एकाच साधनसंचाने व्यापली जातात.

गरजनिश्चितीत परिसराच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. शहराच्या पश्चिमेस समुद्र व उत्तरेस वसईची खाडी असल्याने हवा दमट व खारी असते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या कानशी, पाने व व्हर्नियर कॅलिपर लवकर गंजतात. सखल भागात पाणी साचण्याची शक्यता असल्याने तळमजल्यावरील यंत्रे उंच चौथऱ्यावर बसवावीत आणि विद्युत बिंदू जमिनीपासून पुरेशा उंचीवर घ्यावेत. हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच दाखविणे आवश्यक आहे.

संख्या कशी ठरवावी

अनेकदा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीवरून शाळेची यादी तयार केली जाते. परंतु तेथील प्रशिक्षणार्थी पूर्णवेळ असतो, तर शालेय विद्यार्थ्याला आठवड्यातून मोजक्या तासिका मिळतात. म्हणून शाळेने स्वतःच्या वेळापत्रकावरून हिशेब मांडावा. पुढील उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहे.

समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत, आठवड्याला ८० मिनिटांची एक जोडतासिका आहे आणि वर्षात अशा ३० तासिका प्रत्यक्ष होतात. शाळेत एक बेंच ड्रिल यंत्र असेल तर वर्षभरात ते २,४०० मिनिटे उपलब्ध होते, म्हणजेच प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला जास्तीत जास्त ६० मिनिटे येतात. तयारी, सफाई व वीजखंडित काळ यांत एक तृतीयांश वेळ गेला तर ४० मिनिटेच उरतात. सर्व ४० विद्यार्थी एकाच वेळी या यंत्राभोवती उभे केले तर प्रत्येकाला आठवड्याला दोन मिनिटे मिळतील आणि उरलेली अठ्ठ्याहत्तर मिनिटे तो प्रेक्षक राहील.

याच वर्गाचे आठ-आठ विद्यार्थ्यांचे पाच गट करून मोजमाप व आरेखन, करवत व कानस, ड्रिल व जोडणी, घरगुती विद्युत जोडणी, दुरुस्ती व नोंदी अशी पाच कार्यस्थाने ठेवली आणि दर आठवड्याला गट फिरविले, तर प्रत्येक गट वर्षातून सहा वेळा ड्रिलच्या स्थानावर येईल. एका फेरीत प्रत्येकाला यंत्रावर सलग १० मिनिटे मिळतील, आणि उरलेल्या वेळात तो खुणा करणे, पंच मारणे, रिव्हेट बसविणे ही कामे करील. वर्षाची बेरीज तीच ६० मिनिटे राहते. पण दोन मिनिटांच्या तुकड्यांत जे शिकता येत नाही ते सलग दहा मिनिटांत शिकता येते आणि कोणीही रिकामा बसत नाही.

आता दुसऱ्या साधनाकडे पाहू. आठ बेंच व्हाइस असतील तर कानशीच्या स्थानावर आठही विद्यार्थी पूर्ण ८० मिनिटे काम करतील. सहा फेऱ्यांत प्रत्येकाला ४८० मिनिटे, म्हणजे आठ तास मिळतील. छिद्र सुरक्षितपणे पाडण्याची क्रिया सहा प्रयत्नांत बऱ्यापैकी आत्मसात होऊ शकते. परंतु पृष्ठभाग सपाट व कोन काटकोनात घासण्यासाठी आठ तासही कमी पडतात. म्हणून जास्तीचा निधी मिळाल्यास दुसरे ड्रिल यंत्र घेण्यापेक्षा व्हाइस व कानशी वाढविणे अधिक हिताचे ठरते. मोठे यंत्र दर्शनी असते आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभते. हा हिशेब मांडला की निर्णय बदलतो, हेच त्याचे महत्त्व.

शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल तर तीच साधने दोन गटांच्या हाती जातात. अशा वेळी यंत्रांची संख्या तीच राहिली तरी उपभोग्य साहित्य दुप्पट लागते आणि अधिवेशन बदलताना साधने मोजून हस्तांतरित करण्याची नोंदवही अनिवार्य ठरते.

तांत्रिक तपशील

मागणीपत्रात ‘ड्रिल यंत्र – १ नग’ एवढेच लिहिले असेल तर पुरवठादार कोणतेही यंत्र देऊ शकतो व शाळेला ते नाकारता येत नाही. त्याऐवजी ‘बेंच प्रकार, चक क्षमता १३ मि.मी.; एकफेज २३० व्होल्ट; पट्टा व कप्पीवर संपूर्ण झाकण; आणीबाणीचे थांबा-बटण; मशीन व्हाइस व चक-किल्लीसह; स्थापना, प्रात्यक्षिक व मराठी सूचनाफलकासह’ असा तपशील द्यावा. ‘एकफेज’ हा एक शब्द राहून गेला आणि यंत्र त्रिफेज आले, तर नवी वीजजोडणी मिळेपर्यंत ते खोक्यातच राहते.

भारत सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही तपशील स्पष्ट, गरजेपुरता आणि अनावश्यक वैशिष्ट्ये टाळणारा असावा हे तत्त्व आहे. विशिष्ट उत्पादकाचे नाव लिहिल्याने स्पर्धा संपते आणि काहीच न लिहिल्याने गुणवत्ता संपते. क्षमता, माप, लागू भारतीय मानक, सुरक्षा व्यवस्था आणि सुटे भाग मिळण्याची हमी यांच्या आधारे मधला मार्ग काढता येतो.

वापरणाऱ्याचे वय हाही तपशीलाचा भाग आहे. व्हाइसचा वरचा भाग उभ्या विद्यार्थ्याच्या कोपराच्या उंचीला असावा. प्रौढांसाठी बनविलेल्या बाकासमोर कमी उंचीच्या विद्यार्थ्यांसाठी लाकडी चौरंग ठेवावे लागतात. कर्मशाळा मुलांची व सौंदर्योपचार मुलींचे, अशी वाटणी साधनांच्या यादीतून नकळत पक्की होते. अवजारे, चष्मे व ॲप्रन विविध मापांचे घेतले तर ती टाळता येते.

खरेदीची कार्यपद्धती

महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी शासकीय कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका प्रसृत केली. त्याच वर्षी केंद्र शासनाचे ‘जेम’ हे ई-बाजारस्थळ सुरू झाले. थेट खरेदी, दरपत्रके आणि ई-निविदा यांच्या आर्थिक मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून खरेदीच्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय व अनुदानाच्या अटी पाहूनच पद्धत निवडावी. मर्यादा टाळण्यासाठी एकाच गरजेचे तुकडे पाडू नयेत, हे तत्त्व मात्र कायम आहे.

खरेदी समितीत मुख्याध्यापक व लेखा पाहणारी व्यक्ती यांच्याबरोबर ती साधने प्रत्यक्ष वापरणारा शिक्षक किंवा निदेशक असणे अत्यावश्यक आहे. तुलनात्मक तक्त्यात केवळ किंमत न मांडता हमी कालावधी, स्थापनाखर्च, सुट्या भागांचे दर व दुरुस्ती सेवेचे अंतर हेही स्तंभ असावेत. या अटी तपशिलातच आधी नमूद केल्या, तर त्या पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराची निवड नियमानुसारही होते आणि शाळेच्या हिताचीही ठरते.

वेळेचा प्रश्न याहून गंभीर आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, तर शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. निधी वर्षाच्या उत्तरार्धात मिळाला की मार्चअखेरची घाई होते. साहित्य परीक्षांच्या दिवसांत येते, मे महिन्याची सुटी लागते आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर खोकी उघडली जातात. तोवर हमीच्या मुदतीतील तीन महिने संपलेले असतात. यावर दोन उपाय आहेत. हमी कालावधी पुरवठ्याच्या दिनांकापासून न मोजता स्थापना व प्रात्यक्षिकाच्या दिनांकापासून मोजण्याची अट पुरवठा आदेशात घालावी. तसेच तपशील व अंदाजपत्रक आदल्या वर्षीच तयार ठेवावे, म्हणजे निधी येताच कार्यवाही सुरू करता येते.

स्वीकार, नोंद व सुरक्षितता

साहित्य आल्यावर नग मोजून पावतीवर सही करणे म्हणजे स्वीकार नव्हे. प्रत्येक यंत्र चालवून पाहावे, तपशिलाशी ताडावे आणि त्यानंतरच देयक मंजूर करावे. टिकाऊ वस्तूंची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत व उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवहीत करावी. वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी. भिंतीवरील फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्याकृती रंगवून ठेवली तर तास संपताच कोणते अवजार परत आले नाही हे विद्यार्थ्यालाही एका दृष्टिक्षेपात कळते.

सुरक्षासाधने ‘निधी उरल्यास’ या सदरात टाकता येत नाहीत. कर्मशाळेच्या वीजपुरवठ्यावर ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळती-प्रवाह खंडक, योग्य भूसंपर्कन, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि गटातील प्रत्येकासाठी सुरक्षा चष्मा ही यादीतील पहिली पाने असावीत. वापराचे नियमही साधनागणिक बदलतात. पत्रा हाताळताना हातमोजे हवेत, पण फिरत्या ड्रिलवर काम करताना ते घालू नयेत, कारण हातमोजा फिरत्या पात्यात ओढला जातो. ज्या यंत्रावर देखरेख ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत नाही, ते यंत्र विनामूल्य मिळाले तरी घेऊ नये.

आवर्ती खर्च, देखभाल व निर्लेखन

शाळांमधील अनेक यंत्रे मोडल्यामुळे बंद नसतात. पाती, सोल्डर, पत्रा, तार यांच्या अभावी ती बंद राहतात. या संदर्भात नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेची रचना उद्बोधक आहे. २०१६ पासूनच्या या योजनेत शाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद होती. त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी होते. उभारणीइतकीच रक्कम वापरासाठी राखण्याचे हे तत्त्व लहान अनुदानालाही लागू करता येते. किमान एवढे तरी व्हावे की प्रत्येक साधनासमोर त्याचा वार्षिक उपभोग्य खर्च लिहिला जावा आणि तो कोणत्या शीर्षातून भागेल हे खरेदीपूर्वीच निश्चित व्हावे.

हाटकेशसारख्या परिसराचा येथे लाभ आहे. लहान कारखान्यांत उरणारे पत्र्याचे निर्धोक तुकडे सरावासाठी मिळू शकतात, पात्यांना धार लावून घेता येते आणि कुशल कारागिराला महिन्यातून एकदा निमंत्रित करता येते. अशा सहकार्याची लेखी नोंद ठेवावी आणि तुकड्यांच्या धारा काढूनच ते वर्गात आणावेत. पावसाळ्यापूर्वी पोलादी अवजारांना तेलाचा हात देणे व मोजमापाची साधने बंद पेटीत ठेवणे हे काम विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग करावे. साधनाची निगा राखणे हेही एक कौशल्य आहे.

निरुपयोगी झालेल्या वस्तूंचे विहित पद्धतीने निर्लेखन न केल्यास दोन हानी होतात. जागा अडते, आणि नोंदवहीत यंत्र ‘उपलब्ध’ दिसत असल्याने नव्या यंत्राची मागणी नाकारली जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, साधननियोजनाचे मूळ एकक रुपया किंवा नग नसून विद्यार्थ्याच्या हाती साधन असलेले मिनिट आहे. या एककावरून संख्या ठरते, संख्येवरून तपशील व अंदाजपत्रक ठरते आणि त्यानंतरच खरेदीची पद्धत येते. हा क्रम उलटला, म्हणजे निधी आधी व गरज नंतर असे झाले, की नियमांचे काटेकोर पालन होऊनही कर्मशाळा कुलूपबंद राहू शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षणाची अपेक्षा महाविद्यालयांकडूनही केली असल्याने हा विचार केवळ शाळांपुरता मर्यादित नाही. पदवी स्तरावरील कौशल्य अभ्यासक्रमांच्या खरेदी समित्यांनाही हाच हिशेब मांडावा लागेल. शिवाय शाळेतून येणारा विद्यार्थी प्रमाणपत्राबरोबर किती तासांचा सराव घेऊन येतो, यावर महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा पाया अवलंबून राहील. प्रत्येक शाळेने वर्षअखेरीस जडवस्तूंच्या पडताळणीबरोबर प्रत्येक साधन विद्यार्थ्यांनी किती तास वापरले याचीही नोंद प्रसिद्ध केली, तर सार्वजनिक निधीचा खरा हिशेब पालकांसमोर येईल आणि पुढील वर्षाची यादी त्याच नोंदीतून तयार होईल.